पारोळ्याचा फेटेवाला आजा

ता. १३ एप्रिल, रविवार. धुळे

जळगावहून आत्ताच आले. पाय सुजलेत, पण मन तव्यावरच्या भाकरीसारखं फुगलंय. अकरावा मिळाला!

जुई म्हणत होती, आजी एवढ्या उन्हात कशाला. मी म्हटलं ऊन काय आज पहिल्यांदा बघतेय मी? खान्देशात जन्म काढला. मग आली मुकाट्यानं. जुन्या सामानवाले चाचा नेहमीच्या जागी बसले होते, ताडपत्रीवर कुलपं, कंदील, पितळी नळ मांडून. मला पाहिलं की ते पिशवीतच हात घालतात. आज एक चामड्याची डबी काढली. कोंबडीच्या मांडीच्या आकाराची. उघडली तर आत निळी मखमल, थोडी कसर लागलेली, आणि त्यात पाइप. पक्ष्याचा पंजा, नखं टोकदार, त्या पंजात अंडं धरलेलं. अंड्यात तंबाखू भरायची. नळी पिवळी, आरपार दिसणारी.

चाचा म्हणाले, "असली है अम्मा. जीभ लगा के देखो."

लावली. जीभ चिकटली! खरा दगड असला की जिभेला धरून ठेवतो, सोडत नाही. शेजारी एक बाई तवा घेत होती, ती बघतच राहिली. "काय वं माय, काय चाखी ऱ्हायनी? गोड शे का खारं?" मी म्हटलं, खडू शे, कॅल्शियम कमी शे मन्हं. जुईनं ओढणीत तोंड घातलं.

कितीला घेतला ते लिहीत नाही. आमचे हे, आबा, ही वही वाचतात.

घरी आल्यावर आबांनी चष्मा लावून पाहिला. "कोंबडीनं सोताचं अंडं पायमां धरेल शे. चांगली कोंबडी शे." मग स्वतःच माझ्या पाइपांच्या फळीवर जागा केली. घोडा जरा सरकवला, मेमसाहेब जरा सरकवली. बोलतात, पण करतात.

ता. १६ एप्रिल, बुधवार

गिलक्याची भाजी केली. वरण उतू गेलं, कारण मी फळीपुढे उभी.

जुई म्हणते आजी, ह्या वहीत तुझ्या पाइपांचं लिही, कुठून आले, कसे आले, नाहीतर विसरशील. विसरते कशी? पहिली मेमसाहेब. आबांनी भुसावळला रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यातलं जुनं कपाट लाकडासाठी आणलं होतं. सागवान. खिडक्या करायच्या होत्या त्याच्या. कपाटाच्या कप्प्यात ही पडलेली. टोपीवाली बाई, टोपीवर पीस, आणि टोपीलाच भोक! मला वाटलं बाहुली आहे, मोडकी. सून, जुईची आई, म्हणाली, अत्तरदाणी असेल. आबांनी वास घेतला, म्हणाले, तंबाखू. मग जुईनं मोबाइलवर शोधलं. त्या दगडाचं नाव मीरशम. जुईनं लिहून दिलंय तसं लिहिते. पुढे मी.श. लिहीन, हात दुखतो. तुर्कस्तानात जमिनीतून निघतो म्हणे, ओला असताना साबणासारखा मऊ. नावाचा अर्थ समुद्राचा फेस. वाळला की हलका इतका की पाण्यावर तरंगतो. मी बादलीत टाकून बघितलंय, खोटं नाही.

लोक विचारतात, माई, तुम्ही ओढता का? अरे, मी आयुष्यात मिसरी लावली नाही.

मला आवडतं ते वेगळंच. नवा पाइप पांढरा असतो, दह्यासारखा. मग कोणी तो ओढायला लागलं की खालून हळूहळू रंग चढतो. आधी मध, मग गूळ, मग पिकलेल्या जांभळासारखा. वीस-वीस तीस-तीस वर्षं लागतात. म्हणजे एकानं बसून कोरला आणि दुसऱ्यानं बसून रंगवला. दोघांची कधी भेटसुद्धा नाही. म्हणून मी धूत नाही. मागच्या दिवाळीला सुनेनं मेमसाहेबेला चिंच लावायला घेतली होती, मी ओरडले तर तिच्या हातातून चिंचच पडली. नंतर मलाच वाईट वाटलं. तिला चहा करून दिला.

ता. २२ एप्रिल, मंगळवार

पारोळ्याहून फोन. लता जिन्यावरून पडली. पाय मोडला, प्लास्टर. माझी पोर.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकीनं माहेरी यायचं, झोका बांधायचा, गाणी म्हणायची. तीसबत्तीस वर्षांत ती कधी चुकली नाही. यंदा आईनं लेकीच्या सासरी जायचं. उलटंच. आबा म्हणाले, जा, मी आणि जुई करतो आपलं. काय करणार, घागर तरी भरता येईल का यांना? सुनेला सगळं सांगून ठेवलं. सांजोऱ्या करून डब्यात भरल्या.

ता. २९ एप्रिल, मंगळवार. पारोळा

पोचले. लताचा पाय उशीवर. तोंड एवढंसं झालंय. मला बघून रडली, मग मी रडले, मग दोघी हसलो की कशाला रडतोय.

घरात सगळीकडे खोकी. जावईबापूंची, प्रकाशरावांची, जळगावला बदली झाली, तिथे फ्लॅट घेतलाय. आखाजी झाली की आठ दिवसांत सगळे जाणार. माझे व्याही, तात्या, ऐंशीच्या पुढे गेलेत. विहीणबाई जाऊन सहा वर्षं झाली. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसरा म्हणे राहू दे. ओट्यावर बसलेले.

"या, या याहीणबाई. बसा. ऊन लई शे."

मी म्हटलं, तात्या, तयारी झाली का जळगावची? ते म्हणाले, "मन्ही काय तयारी? मी बी एक खोकंच शे. उचला नि ठेवा."

हसून म्हणाले. पण.

ता. ३० एप्रिल, बुधवार. आखाजी

काय लिहू, कुठून लिहू.

सकाळी मी पुरण घातलं, लता बसल्या बसल्या पोळ्या लाटत होती. घागर पुजली, वर खरबूज ठेवलं. गोवरीच्या निखाऱ्यावर पितरांसाठी आगारी, नैवेद्याचा घास, टाकायची वेळ झाली तर तात्या म्हणाले, थांबा, आजा येऊ द्या.

मला वाटलं कोणी म्हातारं माणूस यायचंय जेवायला. मी एक ताट जास्तीचं घेतलं.

तात्यांनी अंघोळ करून, ओल्या धोतरानं, देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यातून लाल फडकं काढलं. त्यात आजा. वर्षातून एकदाच निघतो, आखाजीला. म्हणून मी इतक्या वर्षांत कधी पाहिला नव्हता. आखाजीला मी इथे असतेच कुठे!

मुठीएवढं तोंड. दाढी, एकेक केस कोरलेला. डोक्याला फेटा, फेट्याचे वेढे मोजता येतील असे. डोळे जरा मिटलेले, जेवून पान खाल्ल्यासारखे. रंग काय सांगू, पिकल्या जांभळाचा, आणि गालावर मधाचा. एका कानाचा टवका उडालेला. आणि फेट्याच्या मधोमध खळगा. मागे मानेला भोक.

माझ्या हातातला पळा तसाच राहिला.

पाइप आहे. मी.श. आहे. नळी नाही, पण आहे. आणि असा रंग मी ना चाचांकडे पाहिला ना जुईच्या मोबाइलवर.

तात्यांनी पाटावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं, तुपाचं बोट फिरवलं. मग चिमूटभर तंबाखू काढली आणि आजाच्या डोक्यातल्या खळग्यात ठेवली! मी म्हटलं, तात्या, तंबाखू कशी? तर सांगायला लागले, डोळे चमकायला लागले त्यांचे:

"मन्हा पणजा वावर नांगरी ऱ्हायंता. फाळले काईतरी लागनं. माटी झटकी तं तोंड निंघनं. दाढी, फेटा. आनि वास कसाना? तंबाखूना! पणजा म्हने, हाऊ आपलाच मानूस शे. आपला बठ्ठाच तंबाखू ओढनारा."

घरातले सगळेच तंबाखू ओढणारे, म्हणून तेव्हापासून तो त्यांचा आजा. टवका नांगराचा. म्हणजे चार पिढ्या तो ह्या घरात जेवतोय.

पोळी खाल्ली, आमरस खाल्ला, चव कळली नाही.

ता. १ मे, गुरुवार

पाप केलं. लिहून टाकते म्हणजे मोकळी होईन.

तात्या मोरीत होते. आजा अजून पाटावरच, दोन दिवस ठेवतात. मी म्हटलं राख पडलीय, पुसावी. उचलला. वजनच नाही! टरबुजाचं साल बरं. मागच्या भोकात हाडाचा मळसूत्राचा तुकडा अजून अडकलेला, नळी बसवायचा. मग मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. लता झोपलेली. टवका उडालेल्या कानापाशी आतला पांढरा दगड दिसतो, तिथे तूप नाही.

जीभ लावली.

चिकटली.

मान वर केली तर दारात तात्या! अंगावर पंचा, हातात तांब्या. मला वाटलं धरणी दुभंगेल. दुसऱ्याच्या पितराला चाटताना विहीणबाई सापडल्या. काय सांगणार? असली आहे का बघत होते?

तात्यांनी तांब्या खाली ठेवला. हात जोडले.

"याहीणबाई, मन्ही माय असाच मुका लेवाची आजाना. ती गई, मंग कोनी लिधाच नई."

मी आजाला पाटावर ठेवलं आणि चुलीपुढे जाऊन धुराचं निमित्त करून डोळे पुसले. गॅसवर कसला धूर. 

ता. ३ मे, शनिवार

आज प्रकाशराव देव्हारा आवरत होते. फ्लॅटमध्ये भिंतीतलं छोटं देवघर आहे, पाच देव मावतात. भटजींनी सांगितलं म्हणे, झिजलेले टाक, भंगलेले देव नव्या घरात नेऊ नका, पाण्यात सोडा. आखाजीला पितर जेवले, आता निरोप द्यायला दिवस चांगला. उद्या बोरीच्या धरणावर.

मी विचारलं, आजा पण?

"आई, कान तुटलेला आहे ना. भंगलेलाच तो."

चांगला माणूस आहे, वाईट नाही. बापाला विचारूनच करतो. तात्यांना विचारलं तर तात्या म्हणाले, "तुन्हं घर, तुन्हा देव. मी काय सांगू?" आणि ओट्यावर जाऊन बसले, उन्हातच.

आता मनातलं लिहिते. मला हाव सुटली. एक शब्द, फक्त एक शब्द प्रकाशरावांना सांगायचा, हा साहेबाचा पाइप आहे हो. ते हसतील, म्हणतील घेऊन जा आई, तुम्हाला छंद आहे. आणि तो माझ्या फळीवर बसेल, सगळ्यांच्या मधोमध. पाण्यातही जाणार नाही. सगळ्यांचं भलं.

सगळ्यांचं? तात्यांचं? त्यांच्या पणजोबाला साहेबानं फेकलेली चिलीम सापडली आणि चार पिढ्या त्या चिलमीला जेवू घातलं, हे ऐंशीच्या माणसाला सांगायचं? तेही घर सुटताना?

त्यांच्या आईनं तिचा मुका घेतला होता.

लता म्हणाली आई, तू जेवत का नाहीस. मी म्हटलं आंबा बाधला.

ता. ४ मे, रविवार

सकाळी रिक्षा करून गेलो. मी, तात्या, प्रकाशराव. लताला शेजारणीपाशी ठेवलं. धरणात पाणी आत गेलंय पार, भेगाळलेल्या चिखलावरून चालत चालत जायचं. तात्यांचा एक हात मी धरला, दुसऱ्या हातात त्यांनी आजा धरलेला, लाल फडक्यात. वाटभर त्याच्याशी बोलत होते. हळू. मला एवढंच ऐकू आलं, "जमनं तेवढं करं."

मी तोंड घट्ट मिटून चालले. शेवटपर्यंत सांगेन सांगेन वाटत होतं.

प्रकाशरावांनी एकेक टाक सोडला. टुबुक. टुबुक. गेले. मग तात्यांनी फडकं सोडलं, आजाला कपाळाला लावलं आणि गुडघाभर पाण्यात जाऊन सोडला.

आजा गेला नाही.

तरंगायला लागला! तोंड वर करून. दाढी पाण्यात, फेटा वर, डोळे अर्धे मिटलेले, जसा काही उन्हाचा पोहायला आलाय. प्रकाशरावांनी बोटानं दाबला. खाली गेला, परत वर. पुन्हा दाबला, पुन्हा वर. त्यांना घाम फुटला. शिकलेला माणूस, पण चेहरा पांढरा पडला. "तात्या, हा... हा जात नाही."

तात्या पाण्यात उभे. रडत होते का हसत होते मला कळलं नाही.

"जावाना नई तो. मी सांगत व्हतू ना."

सांगितलं काही नव्हतं त्यांनी. पण असू दे.

मला माहीत होतं तो का तरंगतो. त्या काठावर मला एकटीला माहीत होतं. दगड हलका, वर शंभर वर्षांचं तूप, पाणी आत शिरायलाच जागा नाही. आणि तरी खरं सांगू? माझ्यासुद्धा अंगावर काटा आला.

वाऱ्यानं तो आत जायला लागला. मग मीच गेले पाण्यात, लुगडं वर खोचून, आणि आणला. पदरानं पुसला. प्रकाशराव म्हणाले, आता काय करायचं? पाण्यात जात नाही, आणि भंगलेला घरात नेता येत नाही.

तात्या म्हणाले, "याहीणबाईस्ना जोडे ऱ्हाऊ दे. त्यास्नी त्याले जीव लाया."

म्हणजे माझ्याजवळ! नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

ता. ७ मे, बुधवार. धुळे

आजा माझ्या पिशवीत, माझ्या दोन लुगड्यांच्या मधे, बसनं धुळ्याला आला. लताचं प्लास्टर ठीक आहे. तिची नणंद आली आहे मदतीला.

आबांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, चाटल्याचंसुद्धा. आबा आधी खूप हसले, इतके की ठसका लागला. मग म्हणाले, "दुसराना पितर आपला घरमां? देव्हारामां नई चालाव."

खरं आहे. दुसऱ्या कुळाचा पितर आपल्या देवांत बसवता येत नाही. मग फळीवर, पाइपांत? हात उचलत नाही. तीन दिवसांपूर्वी त्याला पदरानं पुसलाय ना मी.

शेवटी शिलाई मशीनच्या टेबलावर, ताटात गहू घालून त्यावर बसवला. फळी इकडे, देव्हारा तिकडे, हा मधे. आबांनी पाट करून दिला, छोटा, सागवानी. भुसावळच्या त्याच कपाटाचा तुकडा उरला होता.

ता. १५ मे, गुरुवार

जुई भिंग घेऊन बसली. म्हणते आजी, कमीत कमी सव्वाशे वर्षांचा, व्हिएन्ना नावाच्या गावचं काम असेल, हा रंग तर मिळतच नाही. आणि एक बोलली ते मनात राहिलं. आजी, ह्याचा अर्धा रंग ओढणाऱ्याचा आहे आणि अर्धा तुपाचा, पारोळ्याच्या घराचा. असा दुसरा जगात नसेल.

म्हणजे ह्याला तिघांनी घडवला. एकानं कोरला, एकानं ओढला, आणि एका घरानं जेवू घातला.

मी तिला म्हटलं, मग हा पाइप का आजा? ती म्हणाली दोन्ही. आजकालच्या पोरींना सगळं सोपं.

सून म्हणाली, तुपाचा वास येतो. येऊ दे.

ता. २५ मे, रविवार

तात्यांचा फोन, जळगावहून. प्रकाशरावांनी लावून दिला असेल. फ्लॅटमध्ये ओटा नाही म्हणे. मी विचारलं बसता कुठे? "बाल्कनीमां. खाले देखस तं गाड्या." मग म्हणाले, "तो कसा शे?"

मी म्हटलं मजेत आहे. गव्हावर बसलाय.

"तंबाखू?"

मी म्हटलं आखाजीलाच ना? तर म्हणाले, "हां, हां. आखाजीलेच. मी आपलं इचारं." आणि मग, "ये रविवारले येस मी. देखाले."

फोन ठेवला आणि फळीकडे पाहिलं. इथे तर फळी आहे! अकरा पाइप ओळीत, नळ्या लावून. मेमसाहेबेच्या शेजारी तर एक फेटेवालाच आहे, लहान, पांढरा, नळीसकट. कोणीही बघेल आणि समजेल.

आबा म्हणाले, परदा लाव, मी खिळे ठोकून देतो. सून म्हणाली, माझ्या कपाटात ठेवा एक दिवस. जुई म्हणाली, नको काही.

ता. ३१ मे, शनिवार

पडदा लावला. मग काढला. पुन्हा लावला. माझं लुगडंच होतं, हिरवं. मग वाटलं, ज्या माणसानं मला त्याचा आजा दिला त्याच्यापुढे मी पडदा लावू? काढून टाकला. समजलं तर समजलं. मीच सांगेन. चहा झाल्यावर सांगेन. आधी पाणी, मग चहा, मग.

आबा म्हणतात, "सांगाना व्हई तं सरळ सांग. चाटीसन नको सांगू." काय माणूस आहे!

ता. १ जून, रविवार

दुपारचे साडेतीन. तात्या आतल्या खोलीत आडवे झालेत. पाचच्या गाडीनं जाणार, प्रकाशराव न्यायला येताहेत. झालं ते लिहून घेते.

अकराला आले. पाणी दिलं. चहा दिला. आजापुढे बसले, हात जोडले, गहू जरा सारखे केले. पाटावरून हात फिरवून म्हणाले, सुतार चांगला शे. आबा खूश. जेवणं झाली, भरीत-भाकरी केली होती, दोन भाकरी खाल्ल्या त्यांनी. मी सांगणार तेवढ्यात ते उठले आणि फळीपुढे गेले.

किती वेळ उभे होते! एकेक बघत. ऑपरेशनचा डोळा जवळ नेऊन. घोडा. पंजा. मेमसाहेब. तो लहान फेटेवाला हातात घेतला, त्याच्या नळीवरून बोट फिरवलं, पार टोकापर्यंत. डोक्यातल्या खळग्यात बोट घातलं. मग ठेवला. मग मशीनपाशी आले, आजाला उचललं, आणि त्याच्या मानेमागच्या भोकावरून तेच बोट फिरवलं. हळूहळू. दोनदा.

मी पदर तोंडाला लावून उभी. आबा खुर्चीत. जुई दारात.

तात्यांनी आजाला परत गव्हावर ठेवलं. नीट, तोंड समोर करून. मग फळीकडे हात केला.

"याहीणबाई, ह्या बठ्ठा कोना आजा शेतस?"

मी काय बोलले असेन? सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं. शब्द जिभेवर होता. पण खरं काय ते तर त्यांनी विचारलं होतं ना! कोणाचे आहेत हे? कोणीतरी रोज संध्याकाळी हातात धरून बसलाच असेल. कोणाच्या तरी नातवंडांनी त्याला तसं बसलेलं पाहिलंच असेल. मी म्हटलं, "माहीत नाही तात्या. घरं सुटली त्यांची."

"मंग त्यास्ले कोन कुकू लावस?"

कोणीच नाही, म्हटलं.

म्हणाले, "आन करंडा."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी.श. म्हणजे टीपकागद, कुंकू लागलं की पार आत जातं, निघत नाही. मेमसाहेबेचं पांढरं तोंड तर कायमचं गेलं. मी ओरडले होते ना चिंचेसाठी.

मी आत जाऊन करंडा आणून दिला.

त्यांनी पंजाला लावलं, अंड्यावर. घोड्याला लावलं. मेमसाहेबेला लावताना जरा थबकले, म्हणाले, "बाईमानूस शे?" मी हो म्हटलं. मग हळद आधी लावली आणि मग कुंकू, सवाष्णीला लावतात तसं. टोपीच्या खाली, बरोबर मधोमध. तिथवर हात दुखायला लागला त्यांचा. म्हणाले, जरासा पडतो, बाकीचे उठल्यावर.

त्यांना कळलं का? कळलं असेल तर बोलले का नाहीत? का कधीपासूनच माहीत होतं, आणि मलाच वाटत होतं मला एकटीला माहीत आहे? आबा म्हणतात, डोकऱ्याला सगळं समजलं. जुई म्हणते काहीच नाही समजलं. सून म्हणते, लिंबानं निघेल का बघू?

आठ राहिलेत. सांगायचं तर आता, चहाच्या आधी. नाहीतर जळगावच्या बाल्कनीत बसून एकटे विचार करतील. किंवा करणार नाहीत. मी काय त्यांच्या मनात बसलेय?

आतून खोकला आला. उठले वाटतं.

चहा टाकते. करंडा फळीवरच आहे, उघडा. मी उचललेला नाही.